वाघ आणि वाघूळ

परवा जांभूळहून मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. पाऊस, गुडघे, वाढलेलं लाईटबिल. मग मूळ मुद्दा आला. घरामागचा जो अर्धा वड उरलाय, तो आता काढायचं चाललंय. तिथं दोन खोल्या वाढवायच्या आहेत. जागा सगळ्या भावंडांच्या नावावर आहे, म्हणून विचारायला फोन. "तुझी आई आणि तुम्ही पोरं हो म्हणालात की झालं." मी "कळवते" म्हणून फोन ठेवला.

मामाला ‘कळवण्या’ऐवजी हे लिहायला बसले आहे. मामेभावंडं अधूनमधून इथं डोकावतात, हे मला ठाऊक आहे. कॉमेंट टाकत नाहीत, पण लग्नात भेटली की "ते तू लिहिलं होतंस ना..." अशी सुरुवात करतात. तर भावंडांनो, यावेळी जरा शेवटपर्यंत वाचा.

जांभूळ माहीत नसणाऱ्यांसाठी: अंबरनाथ तालुक्यातलं, उल्हास नदीच्या काठचं हे आमच्या आजोळचं गाव. आता बाहेरच्यांना ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे ठाऊक असतं. बारवी धरणाचं पाणी इथं शुद्ध होऊन आजूबाजूच्या शहरांना आणि कारखान्यांना जातं. आम्हाला मात्र जांभूळ म्हणजे मे महिन्याची सुट्टी, अंगणात टाकलेल्या बाजा, आणि मागच्या वडावर उलटी टांगलेली शेदोनशे वटवाघळं.

आजी त्यांना नुसतं ‘वाघळं’ म्हणायची. तिचं आणि त्यांचं हाडवैर. मे संपता संपता जांभळं पिकली की ही मंडळी रात्री कुठून कुठून फळं तोंडात धरून आणायची, वडावर बसून चोखायची आणि चोथा नि बिया खाली टाकायची. सकाळी दोरीवरच्या धुण्यावर जांभळे डाग. आजी वर बघून जे काही बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही :-) आम्हा पोरांना दगड मारायची मोकळीक होती. एखादं खाली पडलं तर गावातलं कुणीतरी औषधाला घेऊन जाई. दम्याला चांगलं म्हणे.

आणि त्याच अंगणातली दुसरी आठवण. एका रात्री पडवीत बांधलेला कुत्रा नाहीसा झाला. सकाळी तुटलेली दोरी, थोडं रक्त, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर उमटलेला एक गोल, बिननखांचा ठसा. मी मोठ्याने "बिबट्या!" म्हणाले, तर आजीने तोंडावर हात ठेवला. "नाव घेऊ नको त्याचं." दुसऱ्या दिवशी तिने एक नारळ मामाच्या हाती देऊन गावाबाहेर पाठवला. शिव्या नाहीत, दगड नाहीत. कुत्रा नेला त्याला नारळ, आणि धुण्यावर डाग पाडले त्याला दगड!

लहानपणी यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. गेली काही वर्षं या दोन जनावरांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी नावाची गंमत. वाघ आणि वाघूळ हे शब्द ऐकले की एकाच घरातले वाटतात. मोठा तो वाघ, छोटं ते वाघूळ. पण नाही. वाघ आला संस्कृतातल्या ‘व्याघ्र’वरून, आणि वाघूळ आलं ‘वल्गुली’वरून. पालीत ते ‘वग्गुली’ होतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत शेजारी येऊन बसले, इतकंच. (अवांतर: आपल्याकडे गावात बिबट्यालाही सरसकट वाघच म्हणतात, त्यामुळे आजीच्या हिशोबात तरी दोघं शेजारी होतेच.)

बाकी त्यांच्यात सारखं काय आहे? जवळजवळ काहीच नाही. बिबट्याचा नर पन्नास-साठ किलोंचा, एकटा राहणारा, दबकत चालणारा, मांस खाणारा. वडावरचं मोठं वटवाघूळ फार तर दीड किलोचं, पण पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास. शेकडोंच्या वस्तीत राहणारं, दिवसभर कलकलाट करणारं, फळांचा रस आणि फुलांतला मध यांवर जगणारं. बिबट्याची मादी एका वेळी दोन-तीन पिल्लं देते. वटवाघळाची मादी वर्षाला एकच, आणि ते पिल्लू काही आठवडे पोटाशी घेऊन उडते. म्हणजे ज्याच्याबद्दल ‘फार झालीयेत’ अशी आपली तक्रार असते, ते वाघूळच खरं तर सावकाश वाढणारं. आणखी एक. ‘वाघूळ आंधळं असतं’ हे आपण शाळेपासून ऐकतो. या फळं खाणाऱ्या मोठ्या जातीला उत्तम दिसतं. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात ती किडे खाणारी छोटी वटवाघळं. आमच्या वडावरची मंडळी डोळ्यांनी आणि नाकानेच जांभळं शोधायची.

या दोघांचं वर्गीकरण करताना शहाण्यांचीही तारांबळ उडालेली आहे. १७५८ साली स्वीडनच्या लिनिअसने आपल्या प्राण्यांच्या यादीत बिबट्याला मांजरांत बसवलं. ते आजही बरोबर आहे. वटवाघळांना मात्र त्याने माणूस आणि माकडांच्या गणात घातलं! वर आग्नेय आशियातल्या एका मोठ्या फलाहारी वटवाघळाला रक्तपिपासू भुताचं नाव दिलं, ‘व्हँपायरस’. बिचारं फळं खातं, पण नाव लागलं ते लागलं. आपण लोक वाघळाला पंखांचा उंदीर समजतो. अलीकडे जनुकांच्या अभ्यासातून जी वंशावळ तयार झाली ती बघून मी तर चाटच पडले. वटवाघूळ उंदराच्या जवळचं नाहीच. ते बिबट्या, घोडा, गाय यांच्या मोठ्या शाखेत येतं. आणि उंदीर? तो आपल्या, म्हणजे माणसाच्या शाखेत. म्हणजे शब्दांचं नातं खोटं निघालं आणि रक्ताचं दूरचं नातं खरं निघालं. वाघ आणि वाघूळ हे लांबचे का होईना, भाऊबंद.

आता इतिहास.

इंग्रजांच्या राज्यात बिबट्या हा ‘उपद्रवी’ होता. मारून आणा आणि बक्षीस घ्या. वनांचे इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागदांवरून काढलेला अंदाज असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांहून जास्त वाघ आणि दीड लाखाहून जास्त बिबटे मारले गेले. आणि ही फक्त बक्षिसासाठी नोंद झालेली. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या शिकारी वेगळ्याच. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ साली छापलं गेलं, ते नेमकं या काळाच्या सुरुवातीचं. तेव्हा जिल्ह्यात वाघ होते. पुढे पट्टेरी वाघ इथून गेला, तो गेलाच. बिबट्या राहिला, कारण तो लहान चणीचा, काहीही खाऊन राहणारा आणि लपण्यात पटाईत.

त्याच काळात त्याच डोंगरांतले वारली त्याची पूजा करत होते. वाघोबाची. लाकडी किंवा दगडी पाटीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांतल्या दीडशेहून जास्त वाघोबांच्या ठाण्यांची नोंद आहे. वसुबारसेच्या दिवशी आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या वाटेने, असा तो करार. आजीने पाठवलेला नारळ याच करारातला हप्ता होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

स्वातंत्र्य मिळालं, आणि मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ज्याला मारल्याबद्दल बक्षीस मिळायचं त्याला मारल्याबद्दल आता तुरुंग. बिबट्या पुढे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात गेला. त्याच कायद्याला एक पाचवी अनुसूची होती. तिचं नावच ‘उपद्रवी प्राणी’. त्यात कावळा होता, उंदीर-घुशी होत्या, आणि होती फळं खाणारी वटवाघळं. म्हणजे सरकारने एका भावाला सिंहासनावर बसवलं आणि दुसऱ्याला उकिरड्यावर. पन्नास वर्षं वाघूळ मारायला कुणाची परवानगी लागत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच कायद्यातून काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. आमच्या वडापुरती मात्र तीन वर्षं उशिरा.

कारण मधे २०२० आलं.

आता ते कारण. भावंडांनो, ही गोष्ट तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही. मामालाही ती आठवत नसेल. एप्रिल २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना मामाचा असाच फोन आला होता. टीव्हीवर दिवसभर वटवाघळांची चित्रं. गावात लोक बोलायला लागलेले, की तुमच्या वडावर रोगाचं घर आहे. मामी वडाला हात लावू देईना, वटपौर्णिमेला ती तिथंच दोरा गुंडाळते. मामा म्हणाला, "तू शिकलेली आहेस, तूच सांग." मी त्या दिवशी घाबरलेले होते. आईला दमा. मी म्हटलं, "मामा, विचार कसला करताय? तोडूनच टाका."

मामाने मामीचा मान राखला आणि अर्धाच तोडला. ज्या फांद्यांवर वाघळं असायची नेमक्या त्या. दोन माणसांनी दिवसभर कोयते चालवले. एप्रिल म्हणजे बऱ्याच माद्यांच्या पोटाशी पिल्लं असायचे दिवस. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं. किती पिल्लं खाली पडली ते मामाने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्याच महिन्यात दक्षिण आशियातल्या साठहून जास्त शास्त्रज्ञांनी मिळून निवेदन काढलं होतं, की आपल्याकडची वटवाघळं कोविड पसरवत नाहीत, त्यांना मारू नका. त्या विषाणूचे जवळचे नातेवाईक सापडले होते ते किडे खाणाऱ्या, गुहांत राहणाऱ्या वेगळ्याच जातींत. मी ते निवेदन वाचलं चार महिन्यांनी.

वाघळांपासून धोका नाहीच, असंही मला म्हणायचं नाही. निपाह खरा आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात शंभरावर माणसं त्याने गेली. तिथं डुकरांच्या गोठ्यांशेजारी आंब्याची झाडं लावली होती. वाघळांनी उष्टी केलेली फळं डुकरांनी खाल्ली आणि डुकरांकडून रोग माणसांत आला. २०१८ साली केरळात सतरा जण दगावले. आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांतही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा आढळल्या, तो अभ्यास २०२१ चा. तेव्हा उष्टं फळ खाऊ नये, मेलेल्या वाघळाला हात लावू नये, औषध म्हणून खाण्याचं तर नावच काढू नये. पण त्यांना हुसकावणं हा त्यावर उपाय आहे का?

इथं बिबट्याचा इतिहास उपयोगी पडतो. २००४ च्या जूनमध्ये मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कभोवती बिबट्यांनी अनेक माणसं मारली, ते वर्तमानपत्रांत रोज येत होतं. त्याआधी काही वर्षं वस्त्यांत दिसणारे बिबटे पिंजरे लावून पकडायचे आणि दूर जंगलात सोडायचे, हा शिरस्ता होता. जुन्नर भागातल्या अशा सोडलेल्या बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निष्कर्ष असा, की जिथं सोडलं त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. घर हरवलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी जास्त धोकादायक होतो. अत्रेयांनीच नंतर अकोले तालुक्यात कॅमेरे लावले. जंगल नाही, नुसती उसाची आणि भाजीपाल्याची शेतं, आणि तिथं शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच बिबटे निघाले. माणसाच्या शेजारी, मुख्यतः कुत्री खाऊन, गुपचूप राहणारे.

आणि ‘आजोबा’ तर तुम्हाला आठवत असेलच, त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही आला. हा वयस्कर बिबट्या २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. आजोबा तिथं थांबलेच नाहीत. महिन्याभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर चालून, महामार्ग आणि रेल्वे ओलांडून, उल्हास नदीचं पाणी पोहून मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचले. वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. उल्हास म्हणजे तीच आपली, जांभूळच्या काठावरून वाहणारी. मामा, तुम्ही ज्या पाण्यात पोहायला शिकलात तेच पाणी खाली जाऊन त्याला लागलं. २०११ च्या अखेरीस एका गाडीच्या धडकेने आजोबा गेले.

आता याच्याशेजारी वाघळांचा अभ्यास ठेवा. ऑस्ट्रेलियात त्यांच्या भाऊबंदांमध्ये हेंड्रा नावाचा विषाणू असतो. तिथल्या पंचवीस वर्षांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ साली आला. जंगल तुटलं, हिवाळ्यात फुलणारी झाडं कमी झाली, तेव्हा वाघळं छोट्या टोळ्यांनी माणसांच्या वस्तीजवळ आली आणि उपाशी असताना त्यांच्यातून विषाणू जास्त बाहेर पडून घोड्यांना लागले. ज्या हंगामात रानात भरपूर फुलोरा होता तेव्हा ते थांबलं.

म्हणजे एवढ्या वेगळ्या दोन जनावरांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. घरातून हुसकावलं की दोघंही जास्त धोकादायक होतात. बिबट्याच्या बाबतीत हे आपल्याला थोडं थोडं पटायला लागलंय, कारण त्याला दात आहेत, रूप आहे, देवळं आहेत. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज आला, त्यातले १,९८५ महाराष्ट्रात. वाघळं कोणी मोजली? तरी बिबट्याचंही सगळं आलबेल नाही. २०१८ मध्ये उल्हासनगरात, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात तो इमारतीत शिरला, तेव्हा जमलेली गर्दी आठवा. २०२५ च्या अखेरीस शिरूर भागात लहान मुलांचे बळी गेले आणि त्याला पहिल्या अनुसूचीतून खाली आणा, ही मागणी जोरात ऐकू आली. ज्या आईचं मूल गेलं तिला मी इतिहास सांगायला जाणार नाही. पण याद्या काय, वर-खाली होतच राहतात. दीडशे वर्षांत एकच जनावर उपद्रवी झालं, देव तर ते होतंच, मग राष्ट्राची संपत्ती झालं, आणि आता पुन्हा उपद्रवी ठरू पाहतंय. जनावर तेच आहे. यादी करणारे आपण बदलतो.

बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात सरसई नावाचं गाव आहे. तिथं वाघळांना गावाची राखणदार मानतात, कुणी त्यांना धक्का लावत नाही. म्हणजे वाघळालाही नारळ मिळू शकतो, मिळतो. फक्त आमच्या अंगणात मिळाला नाही.

२०२० नंतर मी जांभूळला चार-पाच वेळा जाऊन आले. धुण्यावर डाग पडत नाहीत. आजी असती तर खूश झाली असती, असं मी आईला म्हणाले. आई म्हणाली, "नसती झाली." मग तिने सांगितलं की कुंपणाच्या कडेची ती तिन्ही जांभळीची झाडं कुणी लावलेली नाहीत. वाघळांनी टाकलेल्या बियांतून आपोआप आली, आजीने फक्त उपटली नाहीत. शिव्या रोज दिल्या, पण दर पावसाळ्यात उगवलेली रोपं बघून त्यातली बरी ठेवून द्यायची. जांभूळ नावाच्या गावात आमच्या अंगणातली जांभळं ज्यांची पेरणी, त्यांनाच मी फोनवरून हाकलून दिलं होतं.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी मागच्या दारी बसले होते. अंधार पडता पडता वडाच्या उरलेल्या बाजूला काहीतरी हललं. मोजली. अकरा होती.

तर मामा, माझं उत्तर हे. खोल्या हव्यात, तुम्हाला दोन सुना आल्यात, मला समजतं. पुढच्या बाजूला माझ्या आईच्या वाट्याची जी जागा येते तिथं बांधा. आईशी बोलले आहे, तिची ना नाही. कागद करायचा तर मी सहीला येते. वडाला मात्र यावेळी माझी सही नाही. मागच्या वेळी मी फार पटकन हो म्हणाले होते.

आणि धुणं पुढच्या अंगणात वाळत घालू.